साबणाची कढई धरते तेव्हा

कळमनुरीहून लग्न होऊन मी हिंगोलीला आले, तेव्हा सासरच्या परसात एक काळं लोखंडी पिंप होतं आणि माझे यजमान सकाळ-संध्याकाळ त्या पिंपाभोवती घुटमळत असायचे. हैदराबादच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकून आले होते. सासरे कचेरीत उर्दू कागद लिहायचे, आणि मुलानंही तिथंच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. पण तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली होती. बाहेरून येणारा साबण बाजारातून नाहीसा झाला होता, आणि माझ्या नवऱ्यानं मनात घेतलं होतं की साबण इथंच, हिंगोलीतच करायचा.

तोवर आम्हा बायकांचं साबणावाचून अडत होतं असं नाही. कयाधू नदीच्या खडकांवर धुणं राखेनं निघायचं, रिठ्यानं निघायचं. रेशमी लुगड्याला हिंगणबेटाच्या फळाचा गर होता. पण त्या वर्षांत खरजेनं धुमाकूळ घातला होता. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, लेकरांच्या अंगभर फोड. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मलम द्यायचे आणि म्हणायचे, आधी साबणानं अंग धुवा. साबण कुठून आणायचा ते मात्र त्यांनाही सांगता येत नसे.

एका थंडीतल्या सकाळी यजमानांनी मला परसात हाक मारली. समोर पाण्यानं अर्धी भरलेली लोखंडी बादली होती.

"हात लाव. बाहेरूनच. आत बोट घालू नको."

पाणी आडातलं, बादली गारढोण. मग त्यांनी पिंपातले पांढरे तुकडे लोखंडी पळीनं हळूहळू त्या पाण्यात सोडले आणि लाकडाच्या पट्टीनं ढवळू लागले. ते पांढरे तुकडे म्हणजे कॉस्टिक सोडा, आम्ही त्याला खार म्हणायचो. जरा वेळानं ते म्हणाले, "आता लाव."

मी हात लावला आणि ओरडून मागे घेतला. बादली चुलीवरून उतरवल्यासारखी पोळत होती. वर वाफ येत होती. मी खाली वाकून पाहिलं. खाली नुसती ओली माती होती, निखारा नाही, राख नाही.

"ही धग आली कुठून?"

"पाण्यात नव्हती, खारातही नव्हती. दोघं भेटले तेव्हा आली."

मी किती वेळ त्या बादलीकडे बघत बसले कोण जाणे. माहेरी-सासरी दिवसातून दोनदा चूल पेटवणारी बाई मी. ऊब म्हणजे लाकूड, ऊब म्हणजे फुंकणी आणि डोळ्यांत धूर, एवढंच मला माहीत. इथं तर कुणी काही पेटवलंच नव्हतं.

"एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "खार पाण्यात टाकायचा, तोही थोडा थोडा. खारावर पाणी कधीही ओतायचं नाही."

"काहून?"

"ओतलं तर भरपूर खार आणि घोटभर पाणी. सगळी धग त्या घोटभर पाण्याला सोसावी लागते. ते सोसत नाही, तोंडावर उसळतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात शिरले. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

स्टेशनाच्या रस्त्याला एक तेलघाणा होता. त्याचे मालक वयानं सासऱ्यांएवढे. त्यांना आम्ही घाणेवाले काका म्हणायचो. सरकीचं आणि करडईचं तेल त्यांचं, कॉस्टिक आणि अक्कल आमची, अशी भागी ठरली. कापसाच्या जुन्या जिनिंगमागं एक पडकं शेड मिळालं. काकांनी गुऱ्हाळावर असते तशी, पण तिच्यापेक्षा खोल, लोखंडी कढई करवून आणली. खाली मातीची भट्टी बांधली. ढवळायला लाकडाचं लांब वल्हं, आणि ते मारायला सेनगावकडचा एक धिप्पाड गडी.

घरी लहान पातेल्यात आम्ही साबण कितीदा तरी केला होता. तेल कोमट करायचं, कॉस्टिकचं पाणी घालायचं, ढवळत राहायचं. तेल आणि खाराचं पाणी एकमेकांत मिसळून दुधाळ झालं, दाटलं, की यजमान म्हणायचे, "धरलं." एकदा धरलं की साबण झालाच. पातेल्यात ते इतकं सोपं होतं, की कढईतही तसंच होईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

पौषातली सकाळ होती. रात्रभराच्या गारठ्यानं तेल जड झालं होतं. कढई जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली. काम लवकर उरकावं म्हणून कॉस्टिकचं पाणीही चांगलं कडक केलेलं. भट्टी पेटली, पहिल्या घागरी ओतल्या, गड्यानं वल्हं मारायला सुरुवात केली. काहीच होईना. तेल वर, खाराचं पाणी खाली. एका घरात राहून बोलणं टाकलेल्या जावांसारखी दोघं.

"धरून न्हाई राहिलं," काका म्हणाले. "खार कमी पडला असंल. अजून टाका."

यजमानांनी अजून टाकलं. तरी नाही. मग लाकडं वाढवली. मग पुन्हा एक घागर. असं करता करता दिवसभरात घालायचं सगळं खाराचं पाणी सकाळीच कढईत गेलं, आणि वर तेल जसंच्या तसं चमकत राहिलं.

मी दाराशी उभी होते. आधी गड्याच्या हालचालीत फरक दिसला. वल्हं जड जायला लागलं होतं. तो म्हणाला, "मालक, दाटून राहिलं." काकांचा चेहरा खुलला. ते बघायला पुढं वाकले.

तेवढ्यात कढईच्या मधोमध एक मोठा बुडबुडा आला आणि थपकन फुटला. मग दुसरा. मग सगळी कढई एकदम फुगली. दूध उतू जाताना वर येतं तसं नाही. खालून कुणी तरी ढकलून उठवल्यासारखी. यजमान ओरडले, "आग ओढा! बाजूला व्हा!" गड्यानं जळती लाकडं बाहेर खेचली. पण कढई थांबली नाही. खाली जाळ उरला नाही तरी ती वरच येत राहिली, काठावरून ओसंडली, फसफसत भट्टीवर, जमिनीवर, सगळीकडे पसरली. पिवळट, उकळतं, चिकट. वाफेत मला माणसं दिसेनात. काकांची किंकाळी तेवढी ऐकू आली.

त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत ते उडालं होतं. यजमानांनी त्यांना धरून रांजणाशी आणलं आणि त्या हातावर पाणी ओतत राहिले. रांजण संपला तेव्हा मी आणि गड्यानं आडावरून आणून ओतलं. डॉक्टर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतत राहिलात म्हणून हात राहिला. पण कातडी पुढं कायमची चुरगळलेल्या कागदासारखी झाली.

यजमान कितीतरी दिवस शेडकडे फिरकले नाहीत. जेवताना बोलत नसत. एकदा दुपारी मी दूध तापवत होते, ते उंबऱ्याशी बसले होते. दूध वर आलं, मी पातेलं उतरवलं, दूध खाली बसलं. मनात आलं ते मी बोलून टाकलं.

"याची आच काढली की हे बसतं. त्या दिवशी आच काढली तरी कढई काहून बसली नाही?"

त्यांनी मान वर केली. "दुधाला धग बाहेरून मिळते. कढईची धग कढईतच होती. जेवढी तापते तेवढी जोरात धरते, आणि जेवढी जोरात धरते तेवढी अजून तापते."

"मग आधी इतका वेळ गप्प काहून होती?"

"गार होतं सगळं. आणि खार फार कडक होता. तेल आणि पाणी मिसळलंच नाही." मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपण खार टाकत होतो. तो वापरला जात नव्हता. नुसता साठत होता. सगळा साठला, आणि मग एकदम जागा झाला."

"म्हणजे पहिला खार जिरला हे कळल्याबिगर दुसरा टाकायचाच नाही."

"तेवढंच," ते म्हणाले. "तेवढंच आहे सगळं."

त्या दुपारी उंबऱ्यावर बसून आम्ही पुढचं ठरवलं. तेल आधी चांगलं ऊन करायचं. सुरुवातीचं खाराचं पाणी पातळ, आणि थोडंच. मागच्या साबणाचा गोळा किसून आधीच टाकायचा, म्हणजे तेल आणि पाणी लवकर मिसळतं. दह्याला विरजण लागतं तसं. कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही. धरायला लागलं की लगेच भट्टीतला जाळ काढायचा, कारण मग तिला आपल्या जाळाची गरज नसते. आणि शेजारी मिठाचं थंड पाणी घागरी भरून ठेवायचं. फारच उठली तर शिंपडायला.

काका हाताला फडकं बांधून पुन्हा आले. मला वाटलं होतं भागी मोडतील. ते म्हणाले, "कढई सोडायची न्हाई. पर आता घाई बी करायची न्हाई."

पुढच्या खेपेला आम्ही सगळे ठरल्या जागी उभे होतो. पहिली घागर पडली. बराच वेळ गेला. मग सोन्यासारखं तेल मधूनच ढगाळलं. ढग पसरला. वल्ह्याच्या मागं दुधाळ वाट उमटायला लागली आणि बुजेनाशी झाली. यजमानांनी वल्ह्याच्या टोकावरचा थेंब निववून जिभेच्या शेंड्याला लावला. खार उरला असेल तर जीभ चावते.

"चावत नाही. जिरला. आता दुसरी घागर."

अशा एकेक घागरीनं कढई दाटत गेली. मग त्यांनी भट्टी उपसायला सांगितली. गड्यानं जळकी लाकडं, निखारे, सगळं ओढून बाहेर नेलं आणि पाणी मारलं. परत येऊन त्यानं कढईत पाहिलं. खाली भट्टी काळी, रिकामी. वर कढई रटरट उकळत होती.

"आग भायेर हाय," तो हळूच म्हणाला, "अन् हे अजून उकळून राहिलं."

त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. देवळाच्या पायरीशी काढतात तसं. काका भिंतीला टेकून होते. घाण्यातलं तेल, जे आम्ही भाजीत घालतो, डोक्याला लावतो, त्याच्या पोटात इतकं काही आहे आणि ते असं निमूटपणे दडून बसलेलं असतं, हे डोळ्यांनी दिसत होतं आणि तरी मन ते मानत नव्हतं. त्या धगीनं माझा चेहरा तापला होता आणि अंगावर काटा होता.

पुढं वर्ष-दोन वर्षं काम नीट चाललं. आमचा साबण दिसायला ओबडधोबड, पिवळट. पण सेनगाव, नरसीच्या बाजारापर्यंत जायचा. मी रोज शेडवर जायला लागले होते. कढईचा रंग, आवाज, वल्ह्याचं ओझं मला कळायला लागलं होतं. पण घागर कधी टाकायची ते सांगणारे यजमानच.

मग त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरेना. त्याच दिवसांत खरजेनं पुन्हा डोकं वर काढलं, आणि डॉक्टरांनी काकांकडे निरोप धाडला की कडुलिंबाच्या तेलाचा साबण मिळेल तेवढा हवा. काकांनी तेल गाळून तयार ठेवलं. होता तो साबण सगळा आधीच वाटून झाला होता.

काका घरी आले. यजमान अंथरुणावर, डोळे उघडत नव्हते. काका सासूबाईंना म्हणाले, "वैनी, कढई लावायची तर सूनबाईला धाडावं लागंल. तिच्याबिगर कुणाला न्हाई कळत."

सासूबाई बराच वेळ मुलाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पदर घट्ट खोचून जा. लोंबता ठेवू नको."

मी गेले. गडी वल्ह्याशी, काका घागरींशी. मी पहिली घागर टाकायला सांगितली आणि वाट बघितली. कढई गप्प. काळपट हिरवं तेल वर तसंच. आणखी वाट बघितली. वल्ह्याच्या टोकाचा थेंब जिभेला लावला. सुई टोचल्यासारखी जीभ चावली.

बाहेर माणसं जमली होती. दवाखान्याचा शिपाई रिकामं गाडगं घेऊन उभा होता. एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली होती. ते सारखं मांड्या खाजवत रडत होतं.

काका म्हणाले, "सूनबाई, अजून एक घागर टाकू. किती येळ असं बसायचं? लेकरं खाजवून राहिली."

"पहिलीच घागर अजून तशीच आहे, काका."

"यका घागरीनं काय व्हतंय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीच आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि उचललेली घागर खाली ठेवली.

भीती कढईची होतीच, पण त्याहून जास्त त्या गप्प राहण्याची होती. ती झोपली आहे की झोपल्याचं सोंग करते आहे हे मला बाहेरून कळत नव्हतं. मी भट्टीशी वाकले. लाकडं ओली होती, धूरच जास्त. कढईच्या अंगाला हात जवळ नेला तर ऊब जेमतेम. आणि विरजण नव्हतं. जुना साबण सगळा वाटला गेला होता ना.

"कोरडी लाकडं आणा," मी गड्याला म्हटलं. "अन् घरोघर विचारा, आपल्या साबणाचा तुकडा उरला असेल तर आणा. केवढा बी चालंल."

काकांनी स्वतः घरी जाऊन एक तुकडा आणला. गड्याची बायको नदीवर धुणं धूत होती, तिनं खडकावरचा झिजलेला तुकडा आणून दिला. शिपायानं दवाखान्याच्या मोरीतून एक आणला. मी ते सगळे किसले आणि कढईत सोडले. नवी घागर टाकू दिली नाही. कोरडी लाकडं धडधडून पेटली. आम्ही थांबलो. माझ्या आयुष्यात मी इतकी कशाची वाट पाहिली नसेल. मुलं झाली तेव्हाही नाही.

आणि मग, हिरव्या तेलात एक फिकट रेघ उमटली. वल्ह्यामागं रेघ राहिली. तिची दोरी झाली, दोरीचं जाळं झालं, आणि बघता बघता अख्खी कढई रंग बदलत गेली. आभाळ झाकोळून येतं ना, तशी. जीभ लावली. चावेना.

"धरलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पुढच्या घागरी एकेक करून, जिभेला विचारून टाकल्या. दाटायला लागल्यावर जाळ काढायला लावला. तरी ती उठली. हळूहळू फुगत, सुस्कारे टाकत काठाकडे येत राहिली. गडी दोन पावलं मागं सरला. मी मिठाच्या पाण्याचा तांब्या घेतला आणि कडेकडेनं शिंपडलं. ती चर्र आवाज करून थबकली. पुन्हा जरा उठली. मग एखादं जनावर बसतं तशी अंग सोडून खाली बसली, आणि स्वतःच्याच उबेवर रटरटत राहिली.

काका जवळ येऊन म्हणाले, "मी टाकली असती तर ती घागर…"

संध्याकाळी घरी गेले. यजमानांचे डोळे उघडे होते. पहिलाच प्रश्न, "धरलं?"

"धरलं."

"उठली किती?"

"काठाच्या हातभर खाली थांबली."

"आधी गप्प होती का?"

"फार वेळ."

"मग काय टाकलंस?"

"काहीच नाही. थांबले."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग उशीवरचा हात सरकवून त्यांनी माझा हात धरला. खाराच्या पाण्यानं माझी बोटं रखरखीत झाली होती. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, तरी त्यांनी धरला.

ते बरे झाले. पुढं निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने आले. रस्ते, नाके बंद झाले, कॉस्टिकची पिंपं यायची थांबली. उरलेल्या खारात एकच कढई होणार होती. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा शेडवर आल्या. इतकी वर्षं त्यांनी आमच्या साबणाला हात लावला नव्हता. मी त्यांना वाऱ्याच्या बाजूला, दूर, पाटावर बसवलं.

कढईनं धरलं, भट्टी उपसली, निखारे बाहेर गेले. सासूबाई पाटावरून उठल्या आणि मी नको नको म्हणत असताना काही पावलं पुढं आल्या. रिकामी भट्टी वाकून पाहिली. वर उकळती कढई पाहिली.

"कोण तापवून राहिलं गं हिला?"

"तीच तापते, आई."

त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते मान हलवून म्हणाले, "बराबर आहे तिचं."

सासूबाईंनी कढईला हात जोडले. मग पाट ओढून जवळ घेतला आणि परत बसल्या. कढई निवायला दिवस मावळेपर्यंतचा वेळ लागला. घरी चला म्हणून मी दोनदा सांगितलं, पण त्या उठल्या नाहीत.